बारा आणि तेराच्या मधलं पाणी

प्रिय दादा,

पत्र बघून तुला आधी वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. पण फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणशील आणि मी लगेच जाऊ देईन, एवढं मी स्वतःला ओळखून आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. अक्षराला हसू नकोस. दिवसभर माउस धरून माझी बोटं पेन धरायला विसरली आहेत. हे पत्र ह्यांच्या हाती पाठवतेय. आत काय आहे ते त्यांना माहीत आहे, त्यामुळे चहा घेऊन ते लगेच निघतील, थांबवून घेऊ नकोस. वहिनीला वाचून दाखवायला सांगू नकोस. चष्मा लाव आणि आधी एकटाच वाच. मग हवं तर तिला दे, शेजाऱ्यांना दे, ज्याला द्यायचं त्याला दे.

इकडे सगळं बरं आहे. ह्यांचा गुडघा कुरकुर करतो आणि ते गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुर करतात. सरांचं आर्किटेक्टचं ऑफिस आता मोठ्या जागेत गेलंय. मला काचेची खोली मिळाली आहे, म्हणजे मी जांभई दिली तरी सात जणांना दिसते. ते सात जण माझ्या हाताखाली आहेत. सरळसोट छप्पर असेल तर कोणीही करतं, पण कुठे वाकडंतिकडं, वळणदार काही आलं की सर म्हणतात, मॅडमकडे द्या. नवीन मुलं मला पाठीमागे "छपरवाल्या मॅडम" म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि आवडतंही. निदान परवापर्यंत आवडत होतं.

तू एकदा विचारलं होतंस, टेप, तू दिवसभर तिथे नेमकं करतेस तरी काय. मी म्हटलं होतं, कॉम्प्युटरवर काम. किती तुटक उत्तर ते. खरं तर माझं काम ज्याला एका मिनिटात समजलं असतं असा आपल्या घरात तू एकटाच होतास. माझा पहिला धडा तुझ्याच दुकानात झालाय, पुढच्या खोलीत, जिथे आत शिरताना पत्र्याच्या कडा चुकवत चालावं लागायचं. बाबा गेल्यावर तू नववीतून शाळा सोडलीस आणि त्यांच्या जागेवर बसलास. मी आठ वर्षांची होते. तू नरसाळं करायला बसला होतास आणि सपाट पत्र्यावर पंख्यासारखा आकार आखत होतास. मी विचारलं, हे तर नरसाळ्यासारखं दिसत नाही. तू तो गुंडाळून दाखवलास, पुन्हा उलगडलास, पुन्हा गुंडाळलास. मग मी वाटी आणली आणि म्हटलं, आता ही उलगड. तू हसलास आणि म्हणालास, "नरसाळं उलगडतं, वाटी नाही उलगडत. वाटीला पत्रा ठोकून ताणावा लागतो, नाहीतर फाटतो किंवा चुणी पडते." आज मी जे काही करते ते ह्या दोन वाक्यांच्या पलीकडे फारसं गेलेलं नाही.

त्याच दुकानात मला टेप हे नाव पडलं. लोकांना वाटतं, मी सारखी मोजत असते म्हणून. खरं कारण आपल्या दोघांनाच माहीत आहे. तू लांब पत्रा मोजत होतास आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं होतंस. "धर, सोडू नकोस." मी सोडलं. का सोडलं ते आठवतही नाही, बाहेर काहीतरी आवाज झाला असेल. पोलादी पट्टी सपकन परत गेली आणि तुझ्या अंगठ्याजवळ खोल चिरून गेली. आई धावत आली आणि तुलाच बोलली, लक्ष कुठे असतं तुझं. तू म्हणालास, "निसटली हातातून." मी दाराआड उभी होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, आईने मला पकडू नये म्हणून. ती खूण अजून तुझ्या हातावर आहे. हे आज कशाला उकरून काढतेय, ते पुढे कळेल तुला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमचे एक प्राध्यापक फळ्यावर अर्धा तास खडू झिजवत होते की कोणते वक्र पृष्ठभाग सपाट उलगडता येतात आणि कोणते येत नाहीत. वर्ग झोपला होता. मी हात वर केला आणि म्हटलं, नरसाळं उलगडतं, वाटी नाही उलगडत. ते थबकले. म्हणाले, किती सोपं करून सांगितलंस, कुठे वाचलंस हे? आणि दादा, मी म्हटलं, "एका पुस्तकात." कोणी विचारलं नव्हतं की तुझा भाऊ काय करतो. मी आपणहून तुला झाकलं. तुझी बोटं काळी असायची, शर्टाला डाग देण्याच्या राळेचा वास यायचा, आणि माझ्या वर्गातल्या मुलींचे भाऊ वेगळ्या तऱ्हेचे होते. माझी फी ज्या हातांनी भरली ते हात मला कुणाला दाखवायचे नव्हते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्रातली ही सगळ्यात वाईट गोष्ट असती तरी मी सुटले असते.

आता वाचनालयाच्या छपराकडे येते. एवढं वाचेपर्यंत तुला अंदाज आलाच असेल की मी तिकडेच चालले आहे आणि रस्ता लांबचा घेतेय.

ते छप्पर सरांनी कागदावर एका रेघेत काढलं होतं. दोन कोपरे उचललेले, मध्ये लवलेलं, जणू कोणी चादर झटकताना मध्येच थांबलंय. ते कॉम्प्युटरात उभं करायचं काम माझ्याकडे आलं. त्याचं असं असतं, आधी आडव्या-उभ्या वाकड्या रेषा काढायच्या आणि त्यांच्यावर एक चादर ताणायची. ती चादर जागोजागी बिंदूंनी धरलेली असते, वाळत घातलेल्या कपड्याला चिमटे लावतात तशी. एक बिंदू उचलला की आजूबाजूचं कापड उचललं जातं. माझ्या चादरीला अडीचशे बिंदू होते. प्रत्येक मी हाताने बसवला होता आणि पाणी कुठून कुठे जाईल ते आठवडाभर तपासलं होतं. त्यासाठी एक सोय असते, बटण दाबलं की छपरावर निळे बाण उमटतात, पाणी जाईल त्या दिशेने. सगळे बाण शहाण्यासारखे पन्हळीकडे जात होते. ते छप्पर बरोबर होतं, दादा. हे मुद्दाम सांगतेय, कारण एकदा मी बरोबर होते आणि तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी सरांना रस्त्याच्या बाजूने छपरावर एक चुणी दिसली. केसाएवढी. पण त्यांना ती दिसली म्हणजे सगळ्यांना दिसली. अडीचशे बिंदूंमधून ती चुणी काढायची तर चार दिवस गेले असते. आमच्यात त्यासाठी एक पळवाट असते. कॉम्प्युटरला सांगायचं, ही चादर तू तुझ्या मनाने पुन्हा बांध, अडीचशेऐवजी चाळीस बिंदूंवर. तो बांधतो, आणि बघत राहावं अशी गुळगुळीत बांधतो. मधलं काय कुठे सरकवलं ते सांगत नाही. चादर गुळगुळीत झाली का हे बघायला आम्ही तिच्यावर काळे-पांढरे पट्टे पाडतो. पट्टे कुठे तुटले नाहीत म्हणजे चुणी नाही. माझे पट्टे लोण्यातून सुरी जावी तसे इकडून तिकडे जात होते. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून "वा" म्हणाले. वर्षातून एखादा "वा" निघतो त्यांच्या तोंडून. निळ्या बाणांचं बटण मी दाबलं नाही. ती मला जुनीच चादर वाटली, फक्त इस्त्री केलेली. जुनी चादर मी पुसली नाही. आमच्यात कोणी काही पुसत नाही, झाकून ठेवतात. लोखंडी कमानी कारखान्यात कापल्या गेल्या त्या नव्या चादरीवरून. प्रत्येकीला नंबर होता, तुला आठवतच असतील.

पत्र्याच्या कामाला तुझं नाव मीच ठेकेदाराला सुचवलं. "एक चांगले फिटर ऐकून माहीत आहेत," असं म्हटलं. ऐकून. तुला म्हटलं, ऑफिसात नातं काढू नकोस, लोक वशिला म्हणतील. तू म्हणालास, बरोबर आहे तुझं. वशिल्याची भीती मला चार आणे होती, बाकी बारा आणे तोच जुना शर्टाचा वास होता. पहिल्या दिवशी मी सरांबरोबर साइटवर आले तेव्हा तू पायाडावरून खाली उतरलास, हेल्मेट काढलंस आणि म्हणालास, "नमस्कार, मॅडम." इतकं छान वठवलंस की मला हसू आलं. नंतर घरी येऊनही तू त्यावरून माझी टिंगल केलीस, मॅडम, चहा घेणार का, मॅडम, पंखा लावू का. आपण दोघं हसलो. वहिनी हसली नव्हती. तिला तेव्हाच काहीतरी दिसलं असावं.

मग तुझा तो दुपारचा फोन. तुझी पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे, जोड बंद करण्याआधी तू वरून एक बादली पाणी सोडतोस आणि उकिडवा बसून ते कुठे जातं ते बघत राहतोस. बाबांचीही तीच पद्धत होती. तू म्हणालास, "टेप, बारा आणि तेराच्या मधे पाणी थांबतंय गं. बादलीभर सोडलं तर अर्धी बादली तिथेच बसतेय." मी फाइल न उघडता म्हटलं, "मॉडेलमध्ये उतार आहे, दादा. तुझा पत्रा कुठेतरी दबला असेल." मग म्हणालास, "असेल. बघतो पुन्हा."

फोन ठेवल्यावर मी फाइल उघडली. बटण दाबलं. निळे बाण पन्हळीकडे निघाले, सगळीकडे, फक्त बारा आणि तेराच्या मधे ते एकमेकांकडे तोंड करून उभे होते. खाटेएवढा खळगा होता, साठ मिलिमीटर खोल. तुझ्या भाषेत तीन बोटं. मी त्या बाणांकडे बघत बसले आणि मग फाइल बंद करून चहा प्यायला गेले. चहाच्या जागी सर भेटले, म्हणाले, छप्पर कसं चाललंय? मी म्हटलं, मस्त.

का सांगितलं नाही, ह्याची कारणं मी सहा वर्षं जमवते आहे, आणि ती सगळी खरी आहेत. कमानी उभ्या राहून रंगवूनही झाल्या होत्या. सहा कमानी उतरवायच्या म्हणजे दोन महिने गेले असते. उद्घाटनाची तारीख ठरली होती. त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं होतं की नवीन गट माझ्याकडे देणार आहेत. पण ह्या सगळ्याखाली एक साधं कारण आहे. मी चुकले, हे चार लोकांत म्हणायची मला सवय नव्हती. माझ्या वाट्याचं ते नेहमी दुसऱ्या कोणीतरी म्हटलेलं होतं, "निसटली हातातून" म्हणून.

संध्याकाळी मीच तुला फोन केला आणि म्हटलं, पत्र्याखाली पट्ट्या घाल आणि तेवढा भाग उचलून घे. तू लगेच म्हणालास, पट्ट्यांवर पत्र्याची पकड राहत नाही, वाऱ्याने जोड सुटतील. मी म्हटलं, नाही सुटणार, मी तपासलंय. मी काहीही तपासलेलं नव्हतं. तू म्हणालास, "तू म्हणतेस तर." तेवढंच. आयुष्यात तू कुणा इंजिनिअरचं, कुणा साहेबाचं निमूटपणे ऐकलेलं मला आठवत नाही. माझं ऐकलंस, कारण मी शिकलेली, आणि मला शिकवलेलंस तू.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू टेबलाच्या त्या बाजूला होतास, मी ह्या बाजूला, म्हणून माझ्या बाजूने सांगते. उद्घाटनानंतर चौथ्या महिन्यात दोन दिवस वारा-पाऊस झाला, पट्ट्यांवरचे जोड सुटले आणि पाणी आत उतरलं. मुलांच्या पुस्तकांची दोन कपाटं भिजली, आतल्या छताचा एक तुकडा खाली आला आणि ग्रंथपाल बाईंचं मनगट मोडलं. भली बाई. प्लॅस्टरमधला हात घेऊन त्या मीटिंगला आल्या आणि कोणालाच काही बोलल्या नाहीत. ठेकेदार, इंजिनिअर, सर, मी, आणि शेवटच्या खुर्चीवर मांडीवर हेल्मेट घेऊन तू. इंजिनिअरने मला विचारलं, मॉडेलमध्ये उतार आहे ना? मी पडद्यावर छप्पर उघडलं आणि निळे बाण दाखवले. सगळे पन्हळीकडे जात होते. कारण मी जुनी चादर उघडली होती, दादा. झाकून ठेवलेली, अडीचशे बिंदूंची, जिच्यावरून एकही कमान कधी कापली गेली नाही. सकाळी ऑफिसात बसून मी ती शोधून, झाडूनझटकून तयार ठेवली होती. हे घाबरून तोंडातून निसटलेलं खोटं नव्हतं. मी त्याची पूर्वतयारी केली होती.

मग इंजिनिअरने पत्र्याखालच्या पट्ट्यांबद्दल विचारलं. ह्या कोणी सांगितल्या? नकाशात तर कुठे नाहीत. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. फक्त एकदा, आणि रागाने नाही, नुसतं, मी काही बोलणार आहे का हे बघायला. मी टेबलावरच्या पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. तू म्हणालास, "मीच घातल्या, साहेब." आणि पुढे म्हणालास, "मॅडमचं काम चोख आहे. हात माझाच चुकला असेल." उठून जाताना माझ्या खुर्चीजवळ थांबलास आणि "येतो, मॅडम" म्हणालास. तेव्हा त्यात टिंगल नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. सांगायचंच ठरवून केला होता. तू मला बोलूच दिलं नाहीस. "जाऊ दे गं, होतं," म्हणालास आणि विचारलंस, "तुझं नाव नाही ना खराब झालं?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, मग झालं तर.

त्यानंतर ठेकेदाराने तुला पुन्हा बोलावलं नाही आणि त्याच्या ओळखीच्यांनीही नाही. वहिनी सांगते, तू शिडीला हात लावत नाहीस. पत्र्याच्या पेट्या करतोस, धान्याचे डबे करतोस, कोणी छपराचं काम घेऊन आलंच तर म्हणतोस, आता हात बसत नाही. गावभर ज्याच्या पत्र्यातून थेंब गळत नव्हता त्या माणसाला मी स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लावला. आणि मी इकडे नवीन मुलांना शिकवते की चादर पुन्हा बांधली की पाणी पुन्हा तपासायचं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर भुलायचं नाही. मुलं वहीत लिहून घेतात. एकीने एकदा विचारलं, मॅडम, तुमचं कधी असं झालंय का? मी म्हटलं, ऐकलंय असं झालेलं. बघ, पुन्हा ऐकून. वाचनालयावरून मी सहा वर्षांत गेले नाही, लांबच्या रस्त्याने जाते. छपरावर निळी ताडपत्री आहे आणि खाली बारा-तेराच्या जागी टेबलं हलवून बादल्या ठेवल्यात, असं लोक सांगतात.

आता हे पत्र का लिहिलं ते. गुरुवारी दुपारी, मी घरी नसणार हे बघूनच, तू येऊन ह्यांच्याकडे एक पिशवी ठेवून गेलास. मी संध्याकाळी उघडली. आत पत्र्याचं छप्पर होतं, हातभर लांबीचं. दहा नंबरपासून पंधरा नंबरपर्यंतच्या कमानी, दहाला एक ह्या मापाने, मी दिलेल्या नकाशांवरून एकेक वाकवून, वर पत्रा ठोकून ताणून बसवलेला. एकही चुणी नाही. सोबत पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं, "हे चौथं. चारही वेळा पाणी तिथेच बसतं. डोकं चालत नाही. तू शिकलेली आहेस, बघून सांग, माझा हात कुठे चुकतो. सवडीने सांग." मी ते न्हाणीघरात नेलं, फरशीवर ठेवलं, उकिडवी बसले आणि वरून मगभर पाणी सोडलं. पाणी पन्हळीकडे गेलं आणि बारा-तेराच्या मधे थोडं थांबलं. ते हलेना आणि मीही तिथून हलेना. दादा, तुझा हात कुठेच चुकला नाही. सहा वर्षांपूर्वी नाही, चार छपरांत चारही वेळा नाही. नकाशात मी जो खळगा घातला तोच तू तंतोतंत ठोकलास, दुसऱ्या कोणाच्या हाताला तो इतका बरोबर साधलाही नसता. कदाचित तुला हे केव्हाच कळलंय आणि तू मला फक्त तोंड उघडायला जागा करून दिलीस. कदाचित खरंच कळलेलं नाही आणि तू सहा वर्षं स्वतःला दोष देत पत्रा ठोकत बसलास. यातलं कुठलं जास्त वाईट हे मला ठरवता येत नाही. काल सकाळी ते छप्पर मी सरांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांच्याच पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं. दोन्ही चादरी उघडून दाखवल्या आणि पट्ट्या मी घालायला लावल्या हेही सांगितलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, हे केलं कोणी? मी म्हटलं, माझ्या दादाने. त्यांना कळेना, म्हणाले, दादा म्हणजे? मी म्हटलं, सख्खा. तो शेवटच्या खुर्चीवर बसलेला फिटर. त्यांनी एवढंच विचारलं, सहा वर्षं लागली तुम्हाला? माझ्या नोकरीचं काय होईल ते माहीत नाही आणि खरं सांगते, त्याची काळजी मी अजून सुरूच केलेली नाही. पुढच्या बुधवारी अकरा वाजता त्याच खोलीत मीटिंग आहे, तीच माणसं, ठेकेदार, इंजिनिअर, ग्रंथपाल बाई. त्यांच्यासमोर मला पुन्हा सगळं सांगायचं आहे आणि ते तू ऐकायला हवंस. माफ कर असं लिहिणार नाही, कारण लिहिलं की तू लगेच करशील. फक्त ये. हवं तर दुकानातले तेच कपडे घालून ये, पाण्याची बादली घेऊन ये, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. आणि दादा, तिथे मला मॅडम म्हणू नकोस.

तुझीच,
टेप